जावयाला दिसलेली रेघ

“अहो, हाड मोडलंय म्हणतोय तुमचा जावई!” बाईंनी अंगणातूनच ओरडून सांगितलं.

वरच्या खोलीत वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलेले डॉक्टर दाणे सांडत उठले. “कुणाचं?”

“शिंगराचं. गुडघ्याच्या वर. या लवकर.”

डॉक्टर भिंतीला हात लावत जिना उतरले. अंगणात शिंगराची आई खुंट्याला बांधलेली होती. ज्याचं हाड मोडलं होतं ते शिंगरू मात्र पाण्याची बादली लाथेनं उडवून, धरणाऱ्या मालकाला ओढत गोल गोल फिरत होतं. दवाखान्यातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून एक गोड, घोटीव आवाज आला, “पुढचा डावा पाय. अस्थिभंगाची शक्यता. खात्री जास्त. कृपया तज्ज्ञांनी तपासावे.”

“तज्ज्ञ आलाय, थांब जरा,” डॉक्टर म्हणाले. मग बाईंकडे वळून, “रेघ आडवी आहे ना गं? हाडाच्या टोकाच्या जरा वर, या कडेपासून त्या कडेपर्यंत?”

“हो.”

“कडा गुळगुळीत?”

“अगदी.”

“आणि दुसऱ्या पायाचा फोटो काढलास तर तिथंही तशीच असणार.”

“आहेच. काढलाय मी.”

डॉक्टरांनी टाळी वाजवली. “अहो जावईबापू, ते बाळ आहे बाळ! त्याची हाडं अजून वाढताहेत. वाढीची जागा आहे ती. तुमच्या हिशेबानं जगातली सगळी पोरं पाय मोडूनच जन्माला येतात की काय?”

शिंगराचा मालक हसला, बाई हसल्या, आणि लाथ बसून नुसता सुजलेला पाय झटकत शिंगरू आईच्या पोटाखाली शिरलं. मालक गेल्यावर डॉक्टरांच्या एकदम लक्षात आलं.

“अगं, पण तुला तर बघताक्षणी कळलं असेल हे. मग मला कशाला बोलावलंस?”

“तुमचा दिवस बरा जावा म्हणून,” बाई म्हणाल्या आणि एक्स-रेची पाटी पुसायला लागल्या.

तर असं हे घर. खाली दवाखाना, वर संसार, आणि नवराबायको दोघंही घोड्यांचे डॉक्टर. लोक त्यांना ‘डॉक्टर’ आणि तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत, पुढे सोयीसाठी नुसतं ‘बाई’. दोघांनी लग्नानंतर लवकरच कामाची वाटणी करून टाकली होती. हात बाईंचे, डोळे डॉक्टरांचे. बाईंनी पायावरून तळवा फिरवला की कुठं गरम आहे, कुठं भरलंय, कुठं दुखतंय हे घोड्यानं स्वतः सांगावं तसं त्यांना कळायचं. आणि डॉक्टर एक्स-रेची काळी फिल्म खिडकीच्या काचेला धरून उभे राहिले की दवाखान्यात कुणी शिंकायचं नाही. हाडातली केसाएवढी चीर, डाळीच्या टरफलाएवढा निखळलेला तुकडा, त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. आसपासच्या गावांतले डॉक्टर अडलं की फिल्म घेऊन यायचे. बाईंनाही फोटो वाचता येत, चांगले येत, पण रेघ बारीक असली की त्या हमखास म्हणायच्या, “हे बघा हो जरा.” त्यात कमीपणा कुणालाच वाटायचा नाही. स्वयंपाकात मीठ बघायला सांगावं तसंच ते.

मग डॉक्टरांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. काचेवर कुणी ओला अंगठा टेकवावा, तसा. कडेकडेचं सगळं दिसे. दार, खिडकी, बाजूनं जाणारं माणूस. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं पुसलं जाई. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं की काहींना होतं असं, डाग आता फारसा वाढणार नाही, पण गेलेलं परत येणार नाही. त्या दिवसानंतर डॉक्टर खाली दवाखान्यात येईनासे झाले. फोन घेत, शेंगा सोलत, रेडिओ ऐकत. ‘बरं चाललंय’ असं कुणीही विचारायच्या आत सांगत. आणि बाई एकट्या फोटो बघत बसत. कधीकधी तोंडून सवयीनं निघून जाई, “हे बघा हो जरा,” आणि मग त्या पुढचं वाक्य गिळत.

त्यांची लेक चिंगी. तिशी उलटली तरी घरात चिंगीच. ती मोठ्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. एकदा तिचा फोन आला, “बाबा, शनिवारी घरी येतेय. सोबत कुणीतरी आहे. तुमची ओळख करून द्यायचीय.”

फोन ठेवला तेव्हा डॉक्टर हवेतच होते. लेकीच्या लग्नाची इतकी वर्षं वाट बघितली होती! शनिवारी त्यांनी दाढी केली, बाईंकडून शर्टाला इस्त्री करून घेतली, दारातल्या पायपुसण्याची जागा दोनदा बदलली. चिंगी आली. एकटीच. पिशवीतून तिनं कॉम्प्युटर काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा?” डॉक्टरांनी विचारलं.

“हा,” चिंगी म्हणाली.

“काय करतो?”

“घोड्यांचे एक्स-रे वाचतो.”

त्या दिवसापासून त्याचं नाव जावई पडलं. चिंगीनं कपाळाला हात लावला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिनं समजावून सांगितलं होतं. घोड्यांच्या पायांचे लाखो फोटो त्याला दाखवलेत, कुठला चांगला, कुठला मोडका, हे शिकवलंय. आता नवा फोटो दिला की जिथं शंका येईल तिथं तो पिवळी चौकट काढतो, आणि किती खात्री आहे तेही सांगतो. बाबांना वाचता येत नाही म्हणून तिनं त्याला बोलतंही केलं होतं.

“म्हणजे आता माझी गरज नाही,” डॉक्टर म्हणाले होते.

“बाबा, आईला रात्र रात्र झोप नसते. चुकलं तर काय, या काळजीनं. तिला विचारायला कुणीतरी हवं म्हणून आणलाय.”

डॉक्टरांच्या मनातला सल मात्र गेला नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, तो आपल्या घराला लागला, असं ते येईल त्याला सांगत. एकदा बाई दमलेल्या असताना त्यानं घोट्याजवळचा तुकडा बरोबर दाखवला, तर डॉक्टर म्हणाले, “बोलाफुलाला गाठ पडली.” त्यामुळे शिंगराच्या दिवशी त्यांना झालेला आनंद नवा नव्हता, फक्त जास्त होता. इतका, की वर न जाता ते खालीच स्टुलावर बसून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्ट सांगत राहिले.

दुपारी सरदारीण आली.

सरदारीण हे तिचं खरं नाव नव्हे. गावाबाहेर तिची छोटी पागा होती, मुलांना आणि मोठ्यांना ती घोड्यावर बसायला शिकवी. घोड्यावर अशी ताठ बसे की बघणाऱ्याची मान आपोआप सरळ होई, म्हणून हे नाव. तिच्याकडची मिरी नावाची काळी घोडी तिनं स्वतः, जन्मल्यापासून, वाढवलेली होती. दोघी अडथळ्यांच्या शर्यतीत उतरायच्या. दरवर्षी दुसऱ्या, तिसऱ्या, एकदा तर शेवटच्या अडथळ्यावर मिरीनं एका पोराची टोपी बघून उडी मारायलाच नकार दिला होता. या वर्षी मात्र दोघींची भट्टी जमली होती. शर्यत परवावर आली होती.

“काही नाहीये हो, बाई,” तिनं मिरीला आत आणता आणताच सुरुवात केली. “सकाळी दोन-चार पावलं जरा चोरून टाकली. नाल मारणाऱ्यानं खिळा आत ठोकला असणार. मी पाय चांगला पाण्याखाली धरलाय. एक इंजेक्शन द्या की झालं.”

“इंजेक्शन काय, देते. आधी पाय तर बघू दे.” बाई खाली बसल्या. मिरीचा उजवा पुढचा पाय दोन्ही हातांत घेतला, वरून खाली तळवा नेला. खुराच्या वरच्या सांध्याशी त्या थांबल्या. पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. पाय हलकेच पिळला तशी मिरीनं मान वर केली.

“गरम आहे थोडं,” बाई म्हणाल्या. “खिळा नाही हा. फोटो काढू.”

मिरीला थोडी गुंगी दिली. बाईंनी शिशाचा एप्रन चढवला. समोरून, बाजूनं, दोन तिरपे असे चार फोटो झाले. सरदारीण तोवर शिंगराची गोष्ट ऐकून मनमुराद हसली होती.

“बघू तर तुमचा जावई आज काय उजेड पाडतो,” ती म्हणाली.

जावयानं नेहमीप्रमाणे जरा वेळ घेतला आणि मग तो बोलला, “पुढचा उजवा पाय. समोरून घेतलेली प्रतिमा. खुरावरच्या लांब हाडाच्या वरच्या टोकाशी बारीक रेघ. अस्थिभंगाची शक्यता. खात्री कमी. कृपया तज्ज्ञांनी तपासावे.”

“ऐकलंत? खात्री कमी,” सरदारीण म्हणाली.

बाई पडद्यावर वाकल्या होत्या. “आहे खरी काहीतरी रेघ. पण पाय ओला होता. ओल्या केसांची बट अशीच दिसते फोटोत. मागेही फसलेय मी.”

दोघी डॉक्टरांकडे बघायला लागल्या. चेहरे दिसत नसले तरी बघताहेत हे त्यांना कळलं. सकाळी बाळाचं हाड मोडलं, आता हिचं मोडा, असं काहीतरी त्यांच्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर सगळे हसले असते, आणि विषय तिथंच संपला असता.

पण ते म्हणाले नाहीत. सकाळी याला खात्री जास्त होती आणि चुकला. आता हा चाचरतोय. चाचरतोय ती जागा कुठली? खुरावरच्या लांब हाडाच्या वरच्या टोकाला मधोमध एक खाच असते. उड्या मारणाऱ्या घोड्याची चीर सुरू होते ती तिथंच. त्यांनी स्वतः अशा चिरा पाहिल्या होत्या. आणि त्यातली एकही त्यांना पहिल्या नजरेत खात्रीनं दिसली नव्हती. फिल्म खाली ठेवावी, चहा प्यावा, परत काचेला धरावी, तेव्हा कुठं ती ‘कदाचित’ म्हणून समोर यायची. छातीठोक दिसणाऱ्या मोडलेल्या हाडानं त्यांची झोप कधी उडाली नव्हती. या ‘कदाचित’नं उडायची.

“अगं,” ते म्हणाले, “मला सांग, ती कुठून सुरू होते?”

“सांध्यातून. खाचेतून.”

“आणि?”

“खाली येते. बोटाच्या पेरापेक्षा कमी. मग विरते.”

“वरच्या बाजूला सांध्याची फट आहे, तिथं दिसते? फटीच्या वरच्या हाडावर?”

बाईंनी चष्मा वर सरकवला, परत खाली घेतला. “नाही. तिथं नाही. या हाडातच आहे.”

“केसाची बट हाडाची हद्द कशी ओळखेल गं? ती वरही गेली असती, बाहेरही गेली असती.”

“अहो, पण छोटी बट असेल तर…”

“असेल. म्हणून तर म्हणतो, पाय पुसून कोरडा कर, विंचर आणि परत काढ. समोरूनच, पण यंत्र केसभर फिरवून. दोन-तीन काढ. बट असेल तर जाईल. चीर असेल तर राहील.”

सरदारीण आता हसत नव्हती. “डॉक्टर, राग मानू नका. पण तुम्हाला दिसत नाही आणि त्याला खात्री नाही. तुम्हा दोघांच्या भरवशावर मी परवाचा दिवस घालवू? बाई, तुम्ही सांगा ना.”

असं तोंडावर त्यांना आजवर कुणी बोललं नव्हतं. बाईंनी झटकन मान वर केली. पण डॉक्टरच हसले.

“बरोबर बोललीस. आम्ही दोघं अर्धेच. म्हणून तर जिला दिसतं तिलाच बघायला सांगतोय.”

सरदारिणीनंच टॉवेल घेतला आणि मिरीचा पाय पुसला. आधी रागारागानं, मग हळूहळू, बाळाच्या बोटांच्या मधलं पुसावं तसा. बाईंनी केस विंचरले, पाटी लावली, यंत्र किंचित वळवलं. डॉक्टर स्टुलावरून उठून टेबलाशी येऊन उभे राहिले. पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही. बघून उपयोग काय! ते बाईंच्या श्वासाकडे कान देऊन उभे होते.

फोटो आला असावा, कारण बाईंचा श्वास थांबला. मग त्यांचा हात डॉक्टरांच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. जावई बोलला तो त्यानंतर. “अस्थिभंगाची शक्यता. खात्री जास्त.”

“आहे,” बाई म्हणाल्या. “चीरच आहे. मला दिसतेय आता. अगदी स्वच्छ.”

सरदारीण पालथ्या बादलीवर बसली. “म्हणजे परवा नाही.”

“परवा नाही. या वर्षी नाही.”

“आणि मी उडी मारली असती तर?”

बाईंना खोटं बोलता येत नसे. “हाड उभं चिरलं असतं. लाकूड चिरावं तसं, खालपर्यंत. मग मला तिला एकच, शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं असतं.”

सरदारीण उठली, मिरीच्या मानेत तोंड घालून उभी राहिली. गुंगीतल्या मिरीला काय चाललंय ते कळत नव्हतं. तिनं सवयीनं मालकिणीचा खिसा हुंगला, त्यात काही नाही म्हणून नाराजीनं फुरफुरली. तशी रडता रडता सरदारिणीला हसू फुटलं, आणि मग ते थांबेचना.

“बरी होईल ना?”

“होईल,” बाई म्हणाल्या. “आत्ता सापडली म्हणून होईल. पट्टी, विश्रांती, तबेल्याबाहेर पाऊल नाही. दर काही आठवड्यांनी फोटो. तुझाच कस लागणार आहे, तिचा नाही.”

सरदारीण डॉक्टरांपुढे येऊन उभी राहिली. “मघाशी मी बोलले ते…”

“खरं तेच बोललीस. त्यात काय!” डॉक्टर म्हणाले. “आता तिला खायला कमी दे. बसून बसून ढोल होईल.”

संध्याकाळी चिंगीचा फोन आला. डॉक्टर तिच्या हॅलोचीही वाट न बघता म्हणाले, “तुझ्या नवऱ्यानं आज घोडी वाचवली.”

“बाबा, तो माझा नवरा नाहीये!”

“कुणाचा का असेना. पण सकाळी त्यानं शिंगराचा पाय मोडला, तो वेगळा हिशेब.” आणि त्यांनी दोन्ही हकिकती तिखटमीठ लावून सांगितल्या.

चिंगीनं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे रेघ दाखवली त्यानं. बघितली आईनं. पण परत फोटो काढायला कुणी लावला?”

“परत फोटो कुणी काढायला लावला म्हणतेय ही,” डॉक्टर स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. स्वयंपाकघरातून बाईंचाच आवाज आला, “सांगा की! का मी सांगू? अगं, रेघ वाचली यांनी. रेघ वाचली म्हणून घोडी वाचली. डोळे मिटून वाचली म्हणेनास का, पण वाचली.”

“रेघ तू वाचलीस. मी नुसतं विचारलं,” डॉक्टर पुटपुटले. मग घसा खाकरून चिंगीला म्हणाले, “आणि हे बघ, त्याला सांग, आधी वय विचारत जा म्हणावं. कुणाच्याही घरी गेलं की आधी विचारतात ना, मूल केवढं आहे?”

चिंगीनं ते कंपनीत सांगितलं. काही दिवसांनी एका सकाळी फोटो घालताच जावई म्हणाला, “कृपया प्राण्याचे वय सांगा.” डॉक्टरांच्या हातातला चहा हिंदकळला. “ऐकलंस? अगं, ऐकलंस का? सासऱ्याचं ऐकणारा पहिलाच जावई पाहिला मी!”

डॉक्टरांची खुर्ची आता खाली आली होती. शेंगा सोलायचं काम सुटलं नाही, पण तेही खालीच, टेबलाच्या टोकाला बसून. जावई चौकट काढे, बाई वर्णन करत, डॉक्टर प्रश्न विचारत. कडा कशी आहे, सावली दुहेरी आहे का, घोडा नीट उभा होता का, पाय वाकला होता का. कधी डॉक्टर म्हणत ‘नाही’ आणि नसे. कधी उलटं होई. एका म्हाताऱ्या तट्टाच्या मागच्या पायात काहीतरी आहे असं ते छातीवर हात मारून सांगत राहिले. जावई म्हणत होता काही नाही. बाईंनी चारी बाजूंनी फोटो काढले, काही निघालं नाही. तट्टू दुसऱ्या दिवशी स्वतःहून नीट चालायला लागलं. डॉक्टर चहाची वेळ होईपर्यंत फुगून शेंगा सोलत राहिले. चहा झाल्यावर म्हणाले, “हा निदान मिटक्या मारत नाही जिंकल्यावर. एवढं बरं आहे त्याचं.” बाईंना मात्र आता रात्री झोप लागायची, कूस न बदलता.

मिरीला बंद खोलीत दिवस काढणं मुळीच मानवलं नाही. तिनं दाराची कड कुरतडली, खुंटीवरचे कपडे ओढले, एकदा सरदारिणीची वेणीच चावली. सरदारीण रोज तिच्यापाशी बसून हिशेबाची कामं उरकी, फोनवर बोले, जेवे. फोटोत रेघ आधी तशीच राहिली, मग पुसट झाली, मग शोधावी लागायला लागली. आणि एक दिवस जावई म्हणाला, “विशेष काही आढळले नाही.”

“परत बघ म्हणावं,” डॉक्टर म्हणाले.

“अहो, तो एकदाच सांगतो.”

“मग तू बघ.”

बाईंनी बघितलं. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग पडद्यावर मोठं करून. “गेली,” त्या म्हणाल्या. “अगदी गेली.” मग मिरीला हातानं धरून चालवायला सुरुवात झाली, रोज थोडं जास्त. आणि त्यानंतर काही आठवड्यांनी, एका उन्हाच्या सकाळी, पाठीवर माणूस घेऊन चालायची परवानगी बाईंनी दिली. फक्त चाल. धावणं नाही, उडी तर नाहीच. आणि पहिल्या दिवशी माणूस हलकं हवं.

दोघं पागेवर गेले तेव्हा मिरी खरारा करून चमकत होती. सरदारिणीनं खोगीर घातलं, पट्टा आवळला, आणि लगाम हातात धरून डॉक्टरांपुढे उभी राहिली.

“चढा.”

“कोण?”

“तुम्ही. इथं तुमच्याइतकं हलकं कुणी नाही. आणि पहिली फेरी तुमचीच आहे, मी केव्हाचं ठरवलंय.”

डॉक्टरांनी बाईंच्या दिशेनं तोंड वळवलं, मग परत सरदारिणीकडे. चेहरा गोरामोरा झाला होता. “अगं, मी… मी कधी बसलेलो नाही.”

“कधी म्हणजे?”

“कधीच. घोड्यावर.”

सरदारीण त्यांच्याकडे बघतच राहिली. “डॉक्टर, तुम्ही उभा जन्म घोड्यांत काढलात!”

“पायांत काढला,” डॉक्टर म्हणाले. “वर काय असतं ते बघायला वेळच झाला नाही.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना कुंपणाला धरावं लागलं. संसाराची इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या बसायच्या, तरुणपणी तर चांगल्याच. यांना आवड नसेल, एवढंच त्या धरून चालल्या होत्या.

“भीती वाटते होय?” त्यांनी विचारलं.

“लाज वाटते.”

“कुणाची? मिरीची? तिला तुम्ही आतून ओळखता.”

मग ओट्यावर उभं करून, एकीनं इकडून धरून, दुसरीनं तिकडून ढकलून डॉक्टरांना वर बसवलं. मिरीनं कान मागे नेले, हे कोण नवं, म्हणून विचार केला, आणि कान पुढे घेतले. सरदारीण तिच्या तोंडाशी उभी राहिली, पण बाईंनी हात पुढे केला. “दे दोर माझ्याकडे.”

चाल सुरू झाली. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी मिरीची आयाळ घट्ट धरली होती. खाली हाडं हलत होती. एकेक त्यांना नावानिशी माहीत होतं. पण ती अशी हलतात, माणसाला असं झोपाळ्यागत उचलून पुढे नेतात, हे कुठल्या फिल्मवर उमटलं नव्हतं. पहिल्या वळणाला त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वळणाला त्यांनी एक हात सोडला. तिसऱ्याला ते मोठ्यानं हसले, का ते त्यांनाच कळलं नाही.

“ताठ बसा की, पोतं ठेवल्यासारखे काय!” कुंपणाजवळून सरदारीण ओरडली.

ते ताठ बसले. बाईंना काहीतरी सांगावं म्हणून त्यांनी तिच्याकडे मान वळवली, तर ती डागात नाहीशी झाली. त्यांनी मान सरळ केली. कडेला दोर धरून चालणारी बायको परत आली, पांढऱ्या केसांसकट, पदर खोचलेली, चिखल चुकवत.

“दमलीस का गं?”

“गुडघे बोलायला लागलेत.”

फेरी पुरी झाली. मिरी फाटकापाशी आपणहून थांबली, लांब श्वास सोडून उभी राहिली. उतरवून घ्यायला सरदारीण पुढे आली, तिनं स्टूल सरकवलं, हात वर केले.

डॉक्टर हलले नाहीत. आयाळीतून बोटं फिरवत, समोर तोंड करून ते बसून राहिले.

बाईंनी क्षणभर वर बघितलं. मग दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, जिभेनं टकटक केलं, आणि मिरीला परत वळवलं.